मेट्रो हवी, पण त्या बाजूने

पुण्यातला कुठलाही प्रकल्प पहिल्यांदा जगासमोर येतो तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेली गुणपत्रिका आणि नावातला बदल यांच्या शेजारी. वर ठळक 'जाहीर सूचना', खाली भिंग लागेल अशा अक्षरांत 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ अन्वये' आणि अगदी तळाशी, नागरिकांनी एक महिन्याच्या आत आपल्या हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात, असे आवाहन. सगळे मिळून वाक्य एकच असते. ते नीट समजून घेईपर्यंत महिन्यातले दोन-तीन दिवस सहज जातात.

ही सूचना कोणी वाचत नाही, असा महापालिकेचा समज असतो आणि तिथेच ती फसते. पेपर मागच्या पानापासून वाचायला घेणारा, हातात पेन असलेला निवृत्तांचा एक मोठा वर्ग या शहरात आहे. सकाळी सातला सूचना वाचली जाते, साडेसातला तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, आठला 'आपल्या बिल्डिंगवरून जातंय का?' असा प्रश्न येतो आणि सव्वाआठला 'जातंय' असे उत्तर. नकाशा तोवर कोणीही पाहिलेला नसतो. नऊच्या सुमाराला कोणीतरी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकतो, त्याला ग्रुपचे गांभीर्य कळत नाही म्हणून झापले जाते आणि लढ्याला अधिकृत सुरुवात होते.

हा वर्ग किती कामसू आहे, याची नोंद सरकारदरबारी आहे. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. कायद्याप्रमाणे त्या ऐकायला सात जणांची नियोजन समिती बसली. एकेका हरकतीला दोन मिनिटे दिली आणि रोज आठ तास काम केले, तर रविवार, दिवाळी आणि गणपतीची सुट्टी न घेता नुसते ऐकून घ्यायलाच ३६२ दिवस लागतात. पुढे समितीत मतभेद झाले, २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच ताब्यात घेतला, त्यावर त्रिसदस्य समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. आराखडा होता २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा. म्हणजे पहिली दहा वर्षे कशी वागायची होती, हे शहराला अकराव्या वर्षी कळले.

मेट्रोचे तर विचारूच नका. दिल्ली मेट्रोने पुण्याच्या मेट्रोचा अहवाल २००९ मध्ये करून दिला. मेट्रो हवी की नको, यावर पुण्यात तेव्हाही फारसा वाद नव्हता; हवीच होती. वाद एवढाच, की ती जमिनीखालून जावी की वरून. वरून गेली तर शहर विद्रूप होईल, झाडे जातील, दुकाने झाकली जातील. खालून गेली तर खर्च कितीतरी पट. महापालिकेत त्यावर सभा झाल्या, तज्ज्ञांनी पत्रे लिहिली, चौकाचौकांत सह्यांच्या मोहिमा निघाल्या. हे चालू असताना नागपूरच्या मेट्रोचे २०१४ मध्ये भूमिपूजन झाले आणि मार्च २०१९ मध्ये ती धावूही लागली. पुण्याच्या मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला आणि पहिली गाडी ६ मार्च २०२२ ला. दोन्ही बांधल्या महामेट्रोने. नागपूर आपल्या पुढे गेले, ही पुण्याच्या काळजातली जखम आहे. पण त्यातल्या किती वर्षांवर आपल्याच सह्या आहेत, ते कोणी मोजत नाही.

तोडगा म्हणून तेव्हाचे पालकमंत्री गिरीश बापट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि जंगली महाराज रस्त्यावरून जाणारा मार्ग उचलून मागे मुठेच्या काठाला सरकवला गेला. रस्त्यावर दुकानदार होते, झाडांचे कैवारी होते, पाताळेश्वराच्या लेण्याचे अभिमानी होते. नदीपात्रात कोणी नव्हते. निदान समितीला तसे वाटले. मग पर्यावरणवाले राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, कारण सुमारे १.७ किलोमीटर मेट्रो आता पात्रातून जाणार होती. नदीची स्वतःची सोसायटी नसते, चेअरमन नसतो, त्यामुळे तिच्या वतीने दुसऱ्यांना भांडावे लागते. अखेर मेट्रो झाली ती काही किलोमीटर खालून, काही वरून आणि थोडी नदीतून. पुण्यात कोणाचेच म्हणणे पूर्ण डावलायचे नाही, या धोरणाचे इतके देखणे स्मारक दुसरे नाही. तिच्यातले जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक ३३ मीटर खोल आहे. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांच्या छपरांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला आहे, म्हणजे वरूनच न्यायचीय तर निदान डोके झाकून तरी न्या, असा काहीसा समझोता.

सगळ्यात पुणेरी हरकत मात्र आली सप्टेंबर २०२१ मध्ये. संभाजी पुलावर, म्हणजे लोकांच्या तोंडी लकडी पुलावर, मेट्रोचा पूल आडवा जाणार होता. विसर्जन मिरवणूक त्याच वाटेने जाते. गणेश मंडळांनी विचारले, आमचे रथ याच्याखालून जाणार कसे? प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त मेट्रोचा मार्ग ठरून पाच वर्षे झाली होती. महापालिकेच्या सभेत गोंधळ झाला, काम थांबले, मग बैठका झाल्या आणि काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू होऊन पूर्ण झाले. आता उंच देखाव्याच्या मंडळांना पुलाखालून जाईल एवढाच रथ करावा लागतो. पण मूळ मुद्दा उरतोच. शहराचा सर्वांत मोठा सार्वजनिक सोहळा दरवर्षी ज्या पुलावरून जातो, त्याच्यावर मेट्रोचा पूल रेखताना संगणकासमोर बसलेल्या एकाही माणसाला गणपती आठवला नाही? पुण्यात बसून?

हरकती ऐकण्याची सुनावणी हा तर बघण्यासारखा प्रकार. वेळ अकराची असते. साडेअकराला खुर्च्या येतात, बाराला साहेब. भिंतीवर नकाशा सेलोटेपने लावलेला असतो आणि त्याचा वरचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत असतो. निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, बागा हिरव्या, आणि नव्या मार्गाची लाल रेघ. पुणेकराला त्या नकाशात पुणे दिसत नाही, आपली गल्ली दिसते. ती सापडली की तो तिच्यावर बोट ठेवतो आणि नाव पुकारेपर्यंत उचलत नाही. पालिकेचा कुठलाही नकाशा पेठांच्या जागी आधी झिजतो, तो यामुळे.

पहिला वक्ता नेहमी निवृत्त कार्यकारी अभियंता असतो. तो उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, मी प्रकल्पाच्या विरोधात नाही." सभागृहातले जाणते लोक या वाक्यावर पाण्याची बाटली उघडतात, कारण आता किमान वीस मिनिटे गेली. त्याच्याकडे फाइल असते, फाइलमध्ये त्याने स्वतः काढलेला पर्यायी मार्ग असतो, आणि तो पर्यायी मार्ग शेजारच्या सोसायटीवरून जात असतो. शेजारच्या सोसायटीचे चेअरमन मागच्याच रांगेत बसलेले असतात. त्यांच्याही हातात फाइल असते.

मग दुकानदार. "गाडी दुकानासमोर लागली नाही, तर गिऱ्हाईक येणार कुठून?"

"काका, पण तुमच्या दुकानासमोर सकाळपासून तुमचीच स्कूटर असते," साहेब नम्रपणे म्हणतात.

"ती मालाची असते."

रिक्षावाल्यांना स्टँड हलायला नको असतो, ते सोयीसाठी म्हणून प्रवाशांचे नाव पुढे करतात. एका गृहस्थांना झाडांची काळजी असते, ती त्यांच्या गॅलरीसमोरच्या झाडांपुरती. कोणी माहितीच्या अधिकारातली उत्तरे वाचून दाखवतो, कोणी लंडनला मुलाकडे गेला होता तिथली बस सांगतो. तिथल्या बसचे सगळेच कौतुक करतात. आपल्या पीएमपीच्या बसने सुनावणीला कोण आले, असे विचारले तर दोन हात वर होतात, आणि त्यातला एक पाणी वाटणाऱ्या शिपायाचा.

या सगळ्यांत शेवटच्या रांगेतून एक बाई उठतात. हातात फाइल नाही, भाजीची पिशवी. त्या विचारतात, "ते खांब नि पार्किंग सगळं झाल्यावर चालायला किती जागा राहणार?" साहेब शेजारच्या सल्लागाराकडे बघतात. सल्लागार लॅपटॉपकडे. मार्गदर्शक संहितेप्रमाणे पादचाऱ्यांना किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी, हे दोघांनाही पाठ असते. पण लॅपटॉपमध्ये पदपथाच्या जागी एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर टाय घातलेला एक गोरा माणूस कुत्रा घेऊन फिरत असतो. "ते डिटेलिंगमध्ये येईल मॅडम," असे उत्तर मिळते. दिवसभरात विचारलेला हा एकच प्रश्न रस्त्याबद्दल असतो. त्याची नोंद इतिवृत्तात 'इतर सूचना' या सदरात होते.

पार्किंगवर आल्यावर मात्र फाइलवाले, पिशवीवाले, पेठेतले, कोथरूडचे सगळे एक होतात. महापालिकेच्या पर्यावरण अहवालानुसार २०१८ मध्येच पुण्यात वाहने ३६ लाखांवर गेली होती, आणि माणसे सुमारे ३५ लाख. म्हणजे प्रत्येक पुणेकराला, पाळण्यातल्या बाळासकट, एकेक वाहन वाटून झाल्यावर वर लाखभर उरत होती. आता नियमावलीत एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर, साधारण १३५ चौरस फूट. एवढ्या जागेत मध्यमवर्गीय फ्लॅटचे स्वयंपाकघर बसते, फ्रिजसकट. सदाशिव पेठेत १३५ चौरस फुटांची खोली कोणी फुकट देत नाही, पण खोलीबाहेरचा तेवढाच रस्ता गाडीला मात्र रात्रंदिवस फुकट मिळतो, आणि तो आपला जन्मसिद्ध हक्क असल्याचे तिचा मालक ठासून सांगतो. लोकमान्यांच्या गावात त्या शब्दांचा असा उपयोग व्हावा, हे काही बरे नव्हे.

हे बदलावे म्हणून महापालिकेने पार्किंग धोरण आणले. कल्पना साधी होती. रस्त्याची जागा सगळ्यांची, ती अडवायची तर पैसे मोजा. जिथे गर्दी जास्त तिथे दर जास्त. आणि रात्री सोसायटीबाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीलाही काहीतरी आकार. हा शेवटचा भाग वाचल्यावर शहरात जी एकजूट झाली, ती संयुक्त महाराष्ट्रानंतर पहिलीच असावी. विरोधक रस्त्यावर उतरले, सत्ताधारी घाबरले. मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने धोरण मंजूर केले खरे, पण दर सपाटून कापून, आणि तेही फक्त पाच रस्त्यांवर, प्रायोगिक तत्त्वावर. शेकडो किलोमीटर रस्त्यांच्या शहरात पाच रस्ते! आणि पुढे त्या पाचांचाही मुहूर्त लांबत गेला. धोरण मंजूर आहे, अंमलबजावणी विचाराधीन आहे आणि गाडी जागेवर आहे.

त्याआधीची व्यवस्था होती सम-विषम तारखांची. रस्त्याच्या एका बाजूला 'पी-१', दुसऱ्या बाजूला 'पी-२'. विषम तारखेला इकडे लावा, सम तारखेला तिकडे. पाटी झाडाच्या फांदीमागे असते किंवा तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवलेली असते, तरी हे गणित पुणेकराच्या अंगवळणी पडले आहे. त्यातली खरी मौज कॅलेंडरने केलेली. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषमच. वर्षातून सात वेळा पी-१ वाल्यांना सलग दोन दिवस मिळतात आणि पी-२ वाल्यांवर अन्याय होतो. यावर अजून हरकत आली नसेल, तर ती येईल.

एवढी सगळी थट्टा करून झाल्यावर एक गोष्ट मान्य करावी लागते. हरकत घेणारा चिकट असतो, स्वार्थी असतो, कधी कधी असह्य असतो. पण तो त्या रस्त्यावर राहतो. प्रकल्प आखणारा बहुधा राहत नाही. भारतातल्या सुरुवातीच्या बीआरटींपैकी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गांपैकी, एक पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध बसथांबा ठेवल्यावर म्हातारी माणसे तिथवर पोहोचणार कशी, हे लोक पहिल्या दिवसापासून विचारत होते. नगर रस्त्यावरची बीआरटी २०१६ मध्ये आली आणि काही वर्षांतच उखडायला घेतली. विद्यापीठ चौकातले दोन उड्डाणपूल दीड दशकही पुरे व्हायच्या आत, जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत पाडले, कारण तिथून आता हिंजवडीची मेट्रो आणि तिच्यासाठी नवा दुमजली पूल जायचा होता. नळ स्टॉपचा दुमजली पूल २०२२ मध्ये खुला झाला, आणि चौकातली कोंडी पुलाच्या उताराशी जाऊन उभी राहिली. यातली प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा काकांनी आधी सांगितलेली होती. त्यांच्या भाषणाच्या अठराव्या मिनिटाला सांगितली, हा त्यांचा दोष. पण सतरा मिनिटे ऐकून घेण्याचा पगार समोरच्यालाच मिळत होता.

आणि आता मेट्रोच्या पार्किंगचे बघा. गाडी स्टेशनशी लावावी, मेट्रोने जावे, मग रस्त्यावरची वाहने कमी होतील, असे सांगत प्रकल्प मंजूर झाला. स्थानके उभी राहिली तेव्हा बहुतेक ठिकाणी गाडी लावायला जागाच नव्हती. पगडीला तुरा होता, पण पार्किंग नव्हते. 'भोसरी' नावाचे स्थानक भोसरीत नव्हते, ते नाशिक फाट्याला होते. पुढे नाव बदलले. बुधवार पेठेचे स्थानकही असेच कसबा पेठेत निघाले आणि त्याचेही बारसे पुन्हा करावे लागले. स्थानक कुठल्या पेठेत येते, एवढे तरी शेजारच्या पानवाल्याला विचारायचे होते. त्याने अहवालाचे पैसेही घेतले नसते.

खरी अडचण वेळेची आहे. हरकती मागवल्या जातात तेव्हा मार्ग ठरलेला असतो, सल्लागार नेमलेला असतो, बरेचदा भूमिपूजनाच्या मांडवाचे मोजमापही झालेले असते. अशा वेळी नागरिकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात, थांबवणे किंवा सरकवणे. म्हणून तो थांबवतो, नाहीतर शेजारच्या सोसायटीवर सरकवतो. रेघ कुठे मारायची, हे विचारायला कोणी आधी आले असते, तर त्याने कदाचित पदपथाचेही काही सांगितले असते. याच पुण्यात महापालिका २००६-०७ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून वॉर्डातली कामे मागवते, आणि लोक बाकडी, दिवे, पदपथाची दुरुस्ती अशी अगदी शहाणी कामे सुचवतात. तोच माणूस. फक्त त्याला आधी विचारलेले असते.

तोवर आहे ती पद्धत नीट वापरलेली बरी. पुढची जाहीर सूचना आली, की आधी नकाशा प्रत्यक्ष जाऊन पाहा. ग्रुपवरचा फोटो आपल्या वॉर्डाचाच असेल, याची खात्री नाही. अर्ज एका पानात लिहा, सर्व्हे नंबर आणि रस्त्याचे नाव घाला, लंडनची बस गाळा. फुकट पार्किंग मागणार असाल, तर त्या साडेबारा चौरस मीटरांचे भाडे कोणी द्यायचे, तेही त्याच अर्जात लिहा. प्रती दोन न्या, आणि आवक-जावकच्या खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक पडल्याशिवाय जागचे हलू नका. जेवणाची सुट्टी दीडला असते, त्याच्या आत पोहोचा. आणि शक्यतो बसने जा. तिथे पार्किंग मिळत नाही.